मॅडमचा लूप

सी लँग्वेज बसून शिकायची नसते, पळत शिकायची असते, हे अख्ख्या जगात एकाच व्यक्तीला कळलं होतं आणि ती नेमकी माझ्या शेजारच्या वर्गात शिकवत होती! शनिवार पेठेत तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते. इंजिनिअर, बीकॉमवाले, लग्न ठरलेल्या मुली, सगळ्यांना एकदम अमेरिका दिसू लागली होती. आमच्या क्लासात दोन वर्ग आणि मध्ये प्लायवूड. अलीकडे मी, फळ्याकडे तोंड करून हळू आवाजात शिकवणारा. विद्यार्थी मला चेहऱ्यापेक्षा पाठीवरूनच जास्त ओळखत. पलीकडे मॅडम! दोन व्हेरिएबलच्या किमतींची अदलाबदल शिकवायची, तर दोन पोरांना खुर्च्यांपाशी उभं करून मॅडम ओरडत, "तू ए, तू बी! बदला जागा! अरे, एकमेकांच्या मांडीवर काय बसताय? तिसरी रिकामी खुर्ची नको का?" प्लायवूड थरथरे आणि माझ्या वर्गालाही ते समजून जाई.

लूप, म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा करणं, शिकवताना तर त्यांनी सगळ्यांना टेबलाभोवती फिरायला लावलं आणि नणंदेचा फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. नणंद बोलकी. क्लासचे मालक आत डोकावले तेव्हा पोरं घामाघूम होऊन फिरतच होती. "हे काय चाललंय?" "सर, लूप!" तेवढ्यात परतलेल्या मॅडमनी टाळ्याच वाजवल्या. "बघा, थांबायची अट घालायची विसरलं की हे असं होतं!"

पण क्लास एका मोठ्या कंपनीच्या नावावर चालायचा; मालकांना तिच्या सगळ्या शाखांसारखं, इंग्रजी स्लाइड दाखवून, बसून शिकवलेलं हवं होतं. ते म्हणाले, "मॅडम, सोमवारी हेड ऑफिसचे लोक तास बघायला येतायत. उड्या मारल्यात, तर मंगळवारपासून घरीच मारा." मॅडमना नोकरीची गरज होती.

सोमवारी पलीकडून इतकं हळू इंग्रजी ऐकू येऊ लागलं की माझाच तास तिकडे चालू आहे असं मला वाटलं. माझ्या वर्गातली एक मुलगी लिहायची थांबली. "सर, मॅडमना बरं नाहीये का?"

पाहुणे खूश झाले, नोकरी वाचली! मी जिन्यात धावत जाऊन अभिनंदन केलं.

"अहो सर, मी शिकवलं कुठे? वाचून दाखवलं. तुम्हाला हळू बोलून शिकवता येतं, मला नाही येत हो."

वाचलेली नोकरी त्यांनी महिनाअखेर स्वतःच सोडली. वाघोलीकडे कुठेतरी घरीच शिकवणार होत्या. जाताना माझ्या दारात येऊन "येते हं" म्हणाल्या, तेही अगदी हळू. तो आवाज माझा होता. मॅडमच्या तोंडी तो मला सोसवेना.