टार्टनच्या रविवारी राखाडी चौकडा

नॉर्थ कॅरोलायनात मी ज्या बाईंच्या घरी खोली भाड्याने घेऊन राहत होते, त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुमचे पूर्वज ब्रिटिश का?" मी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न असावा. बाई सत्तरीच्या होत्या, बशा पुसत होत्या. हातातली बशी त्यांनी खाली ठेवली.

"ब्रिटिश? हनी, आम्ही स्कॉटिश. इंग्रजांशी लढलेले लोक आम्ही."

मी सॉरी म्हणून वर खोलीत गेले. पुण्यात आमच्याकडे गोरा दिसला की तो इंग्रज. माझ्या शाळेत एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. त्या दर मार्चमध्ये एक दिवस हिरवं पान टाचून यायच्या. आम्ही त्यांनाही इंग्रजच समजायचो. त्यांनी कधी दुरुस्ती केली नाही. ते पान आयर्लंडच्या संताच्या सणाचं, म्हणजे त्या आयर्लंडच्या होत्या, हे मला त्या रात्री, त्या खोलीत बसून कळलं. इंग्लंडच्या राजांची यादी त्यांनीच आमच्याकडून घोकून घेतली होती. ती घोकून घेताना त्यांना काय वाटत असेल, हा प्रश्न मला शाळेत कधी पडला नव्हता.

ही गोष्ट २००५ ची. मी तेव्हा स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस. करत होते.

बाईंचे यजमान त्या वसंतात गेले होते. त्यांच्या चर्चमध्ये दर ऑक्टोबरमध्ये एक रविवार टार्टनचा असायचा. टार्टन म्हणजे स्कॉटलंडमधलं चौकड्यांचं लोकरी कापड. प्रत्येक घराण्याचे, म्हणजे क्लॅनचे, रंग वेगळे. त्या दिवशी प्रत्येक कुटुंब आपल्या क्लॅनचं कापड काठीला लावून बॅगपाइप वाजवणाऱ्याच्या मागे वेदीपर्यंत जायचं आणि पाद्री त्या कापडांना आशीर्वाद द्यायचे. लग्न झाल्यापासून बाई नवऱ्याच्या बाजूने, नवऱ्याच्या लाल-हिरव्या कापडाखाली चालत आल्या होत्या. आता नवऱ्याच्या पुतण्याची बायको येऊन ते कापड घेऊन गेली होती. "घराण्यातच राहायला हवं ना," असं गोड बोलून.

"म्हणजे मी घराण्यातली नाही," बाई मला म्हणाल्या. मग, "ठीक आहे. माझ्या माहेरचंही काही असेलच की. यंदा मी माझं कापड घेऊन जाईन, नाहीतर जाणारच नाही. बाकावर बसून तिची मिरवणूक बघायला मी काय पाहुणी आहे?"

त्यांनी 'माहेर' असा शब्द अर्थातच वापरला नव्हता. 'माय पीपल' म्हणाल्या होत्या. मला ऐकू मात्र माहेरच आलं.

अडचण आडनावाची होती. टार्टन विकणाऱ्या दुकानात आडनावांची यादी असते, कुठलं आडनाव कुठल्या क्लॅनमध्ये ते सांगणारी. बाईंच्या माहेरच्या आडनावाचा अर्थ नुसता लोहार. लोहार काय, गावोगावी. दुकानदार म्हणाला, आवडेल ते घ्या. बाई तशाच परत आल्या.

मी म्हटलं, लायब्ररीत बघते. मला माणसांशी बोलण्यापेक्षा लायब्ररीत बघणं केव्हाही सोपं. पण दोन आठवडे बघूनही लोहारांच्या गर्दीतून बाईंचे लोहार वेगळे होईनात.

दर शनिवारी मॉरिसव्हिलमध्ये राहणाऱ्या एक काकू मला ग्रोसरीला न्यायच्या. त्यांना मी गाडीत हे सांगितलं.

"अगं, तू स्टॅटिस्टिक्स करायला आलीयेस ना?" काकू म्हणाल्या. "आईला फोन करून सांगू का, पोरगी गोऱ्यांची कुळं शोधत फिरतेय म्हणून?"

"नको हो काकू."

"मग आडनावाच्या मागे कशाला लागलीस? आडनावं काय, बदलतात. आपल्याकडे लग्न जमवताना काय विचारतात? कुलदैवत कुठलं. ते सांगितलं की मूळ गाव आपोआप कळतं. नागपूरला तीन पिढ्या काढल्या आम्ही, पण देवीला कोकणात जातो म्हणजे आलो तिथूनच."

"त्यांच्याकडे कुठलं आलंय कुलदैवत?"

"अगं, जुनं चर्च तरी असेल की नाही कुठलं? जिथे सगळे पुरलेत ते. राइट लेन घे म्हणाव या बाईला! इंडिकेटर तरी दे ना यार!" शेवटचं पुढच्या गाडीला होतं.

संध्याकाळी मी बाईंना विचारलं, तुमच्या वडिलांचं जुनं चर्च कुठलं? त्या लगेच म्हणाल्या, अडीच तासांवर, पश्चिमेला, टेकड्या सुरू होतात तिथे. लहानपणी दर उन्हाळ्यात वडील सगळ्यांना तिथे न्यायचे, थडग्यांवरचं गवत काढायला आणि फुलं ठेवायला. नंतर जेवण. "तळलेल्या कोंबडीशिवाय मला काही आठवत नाही," त्या म्हणाल्या. पण पुढच्या रविवारी त्यांनी गाडी काढली.

चर्च लहानसं, विटांचं. मागच्या उतारावर दगड. बाईंच्या माहेरचे लोहार एका ओळीत होते, पुढचे गुळगुळीत, मागचे खडबडीत. सगळ्यात मागच्या दगडावर शेवाळ होतं. मी ते ओल्या रुमालाने पुसलं. नावाखाली लिहिलं होतं: काउंटी अँट्रिम, आयर्लंड येथील रहिवासी.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आयर्लंड?"

"हो."

"शक्य नाही. आम्ही प्रेस्बिटेरियन आहोत, आयरिशांसारखे कॅथलिक नाही. माझे वडील आयरिश लोकांबद्दल काय काय बोलायचे ते मी तुला सांगूही शकत नाही."

परतीच्या वाटेवर त्यांनी रेडिओ लावला नाही. गाडी घरापाशी थांबल्यावर म्हणाल्या, "म्हणजे माझं कापडच नाही." मग किल्ल्या शोधत बसल्या. किल्ल्या हातातच होत्या.

मी पुन्हा लायब्ररीत गेले. या वेळी आडनाव सोडून बेटं शोधली. आणि सांगते, शाळेत जे राजे पाठ केले होते त्यांच्या पायाखाली एवढं सगळं चाललेलं होतं, याचा मला पत्ताच नव्हता.

आठवड्याने बाई स्वयंपाकघरात पेकन, म्हणजे तिकडचे लांबट अक्रोड, फोडत बसल्या होत्या. मी अक्रोडांनी भरलेली एक मोठी बशी आणि तिच्या डाव्या हाताला एक रिकामी वाटी ठेवली.

"ही बशी ब्रिटन. ही वाटी आयर्लंड. मधलं पाणी वर उत्तरेकडे इतकं अरुंद आहे की स्वच्छ दिवशी पलीकडचा किनारा दिसतो म्हणे." मी बशीच्या वरच्या डावीकडच्या भागातून चार अक्रोड उचलून वाटीत टाकले. "चारशे वर्षांपूर्वी राजाने आयर्लंडच्या उत्तरेत जमिनी घेतल्या आणि स्कॉटलंडच्या सखल भागातले लोक नेऊन वसवले. तुमचे लोक बहुतेक यांच्यातले. शंभरेक वर्षांनी तिथून निघून अमेरिकेत आले."

"म्हणजे आम्ही स्कॉटिशच!" बाईंचा चेहरा उजळला.

"हो. फक्त, स्कॉट लोक..." मी वाटीतले दोन अक्रोड पुन्हा बशीत टाकले. "त्याच्याही हजारएक वर्षं आधी ते आयर्लंडहून आले होते. रोमन लोक आयर्लंडवाल्यांनाच स्कॉट म्हणायचे. ते आले, आणि नाव इकडच्या जमिनीला पडलं."

बाईंनी बोट बशीवरून वाटीकडे आणि परत नेलं. "म्हणजे तिकडून इकडे, इकडून तिकडे, आणि मग इथे?"

"हो."

"आणि इंग्रज? ते तरी तिथलेच?"

"नाही. तेही पूर्वेकडून होड्यांत बसून आले. आधी तिथे ब्रिटन लोक होते. त्यांची भाषा पश्चिमेच्या कोपऱ्यात टिकली, तेच वेल्श. वेल्श हे नाव इंग्रजांनी दिलं. त्याचा अर्थ परके."

"घर त्यांचं आणि परकेही तेच?" बाई हसल्या. खूप दिवसांनी हसल्या.

म्हणून मला उरलेलंही सांगायचा धीर झाला. सखल भागातल्या त्या शेतकरी-मेंढपाळांना क्लॅनचे रंग नव्हते. अमक्या आडनावाचा अमका चौकडा, हे बरंचसं पुढे ठरलं, बाईंचे पूर्वज बोटीत बसून गेल्यावर कितीतरी वर्षांनी.

"माझ्या नवऱ्याचंसुद्धा?"

"बहुतेक."

"आणि पुतण्याची बायको ते असं घेऊन गेली, जणू देवाने स्वतः विणलंय." त्यांनी एक अक्रोड जोरात फोडला. "मग माझी माणसं पांघरायची काय?"

मी लायब्ररीतून आणलेलं पुस्तक उघडलं. एका जुन्या फोटोत एक मेंढपाळ होता. त्याच्या खांद्यावर काळ्या-पांढऱ्या लोकरीचं बारीक चौकड्यांचं पांघरूण, रंग न देता विणलेलं. लांबून बघितलं तर नुसतं राखाडी. तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी लायब्ररीत एकटीच हसले होते, कारण मला ते ओळखीचं वाटलं. आमच्या शाळेच्या बसच्या आडवा एकदा मेंढ्यांचा कळप आला होता. मागून येणाऱ्या धनगराच्या खांद्यावर घोंगडी होती. चौकडा नव्हता, पण लोकर तशीच, मेंढीच्याच रंगाची. मुली नाक धरून खिदळत होत्या. तो मात्र बसकडे न बघता सावकाश रस्ता ओलांडून गेला.

बाईंना मी हे सांगितलं. एवढं सलग मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. त्यांनी विचारलं, "पाऊस आला तर?" म्हटलं, तेच डोक्यावर घ्यायचं. त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "हा पण तेच करत असणार."

कापडाच्या दुकानात टार्टनच्या कप्प्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पुरुषांच्या सुटिंगमध्ये तसा बारीक चौकडा मिळाला. बाईंनी स्वतः कडा दुमडून शिवल्या.

टार्टनच्या रविवारी मी शेवटच्या बाकावर, भिंतीला लागून बसले. दारात सगळे आपापल्या काठ्या घेऊन उभे होते. लाल, हिरवं, निळं, पिवळं. पुतण्याच्या बायकोने बाईंच्या काठीकडे पाहिलं.

"काकू, हे कुठल्या क्लॅनचं?"

"कुठल्याच नाही. मेंढ्या राखणाऱ्यांचं आहे."

"पण यादीत..."

"यादीत नाहीये ते. तुझं सरळ धर, वाकतंय."

बॅगपाइप सुरू झाला. त्या आवाजाने बाकाचं लाकूड थरथरतं, हे मला माहीत नव्हतं. बाई सगळ्यात शेवटी आणि एकट्या चालल्या. काठी जड असावी, कारण अर्ध्या वाटेत त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली. वेदीपाशी पोचल्यावर त्या रंगांच्या ओळीत, टोकाला, तो राखाडी तुकडा उभा राहिला.

नंतर बाहेर कॉफी होती. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ बाईंच्या आसपास घोटाळत होते. त्यांना मी आत पाहिलं होतं. मिरवणूक निघाली तेव्हा ते बाकावरून उठलेच नव्हते. शेवटी ते जवळ आले आणि दोन बोटांनी कापडाची कड चाचपून पाहिली.

"हे घ्यायला काय लागतं?" त्यांनी हळूच विचारलं. "म्हणजे, आडनाव वगैरे?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "सुटिंगच्या शेल्फवर आहे. यार्डावर मिळतं."