सगळ्यात मोठा आवळा

कात्रपला आमच्या बिल्डिंगशेजारच्या बैठ्या घरात एक काका राहत. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. अंगणातल्या आवळ्याला फळं धरली की ते बरीचशी कोवळीच खुडून टाकत आणि उरलेल्यांना मलमलच्या पिशव्या बांधत. प्रदर्शनात आपला आवळा सगळ्यात मोठा ठरावा, हा त्यांचा ध्यास. रोज सकाळी पिशवी सोडून ते फळ दोन बोटांत हलकेच धरत, बाळाचा गाल धरावा तसं.

मला तेव्हा सातवा महिना होता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी कुंपणापाशी थांबून म्हणाले, "काका, एक आवळा द्याल? फार खावासा वाटतोय."

काकांनी झाडाकडे पाहिलं आणि चिकूएवढा एक आवळा तोडून माझ्या हातावर ठेवला.

आतून काकू ओरडल्या, "अहो, तोच उद्या न्यायचा होता ना!"

मी गडबडून तो परत करू लागले, पण काकांनी हात मागे घेतले. "खा गं पोरी. प्रदर्शन काय, दरवर्षी भरतं. डोहाळे थांबतात का?"

दुसऱ्या दिवशी ते दुसराच आवळा घेऊन गेले. संध्याकाळी रिक्षातून उतरले तेव्हा मी फाटकाशीच उभी होते. नंबराचं विचारायचा मला धीर होईना. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "फार तुरट नव्हता ना?"

"वर पाणी प्यायले, तर गोड लागलं," मी म्हणाले.

काकांचा चेहरा इतका खुलला, की नंबराचं विचारायचं राहूनच गेलं.