खड्ड्यांच्या दोनशे बारा वह्या

सुट्टी संपून विभाग उघडला त्या सकाळी नव्या साहेबांनी वेबसाइटचा पत्ता टाकला. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ आली : हे पान अस्तित्वात नाही.

"मामा, जरा बघता का?"

मामा म्हणजे विभागाचे बाइंडर. त्यांनी ओळ वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग एकेक अक्षर शोधत पत्ता स्वतः टाकला. तीच ओळ.

"नेट गेलं असेल."

"नेट आहे. बाकी सगळं उघडतंय. आपलंच नाही."

मामा स्टुलावर बसले. 

हा मातीचा विभाग. बेचाळीस वर्षं इथली माणसं रानोमाळ फिरून पुरुषभर खोल खड्डे खणत आली. मातीचे थर, त्यांचा रंग, ओल, मुळं कुठवर उतरली, सगळं खड्ड्यात उभं राहून वहीत लिहायचं. अशा दोनशे बारा वह्या. त्यांतल्या निम्म्याहून जास्त मामांनी शिवलेल्या. चिखलात पडली तरी पान सुटू नये अशी शिवण. पुढे वाळवीने नकाशांचं एक कपाट फस्त केलं, तेव्हा त्या वेळच्या विभागप्रमुख बाईंनी ठरवलं, वह्या तरी वेबवर चढवायच्या. बांधलेली वही स्कॅनरवर सपाट बसेना. शिवणीचा कणा कापायला हवा. कापणार कोण? ज्याने शिवल्या तो. पहिल्या वहीला मामांना अख्खी दुपार लागली. पुढे पुढे दहा मिनिटं पुरू लागली.

अडीच वर्षं हे काम चाललं. एकोणीस हजार पानं. पान केसभर तिरकं आलं तरी मामा पुन्हा लावत.

"मामा, वाचता येतंय ना? मग चालतं," बाई म्हणायच्या.

"चालायला म्हैसही चालते बाई. पान सरळ पाहिजे."

कापलेल्या पानांना ठेवायला जागा नव्हती. त्यांचे गठ्ठे मामांनीच बांधले आणि रद्दीच्या ट्रकात चढवले. वेबवर आहे की सगळं, मग कागद कशाला, असं तेव्हा सगळ्यांचंच मत होतं.

साहेब आणि मामा जिना उतरून संगणक कक्षात गेले. तिथल्या माणसाने नोंद काढली.

"ही साइट बाईंच्या नावच्या खात्यावर होती. माणूस निवृत्त झाला की खातं बंद. साठ दिवसांनी पुसतात. परवा साठ झाले."

"अहो, विभागाची साइट बाईंच्या खात्यावर कशी?"

"विभागाच्या खात्याला समितीची मंजुरी लागते. समिती बसेल तेव्हा बसेल. बाई म्हणाल्या, तोवर माझ्या खात्यावर टाका. तोवर तोवर करता तीन वर्षं झाली."

"परत आणता येईल?"

"नाही."

चहा संपला म्हणून सांगावं तसं तो म्हणाला.

साहेबांनी मान वळवली. "पण स्कॅनरच्या मशीनवर मूळ पानं असतील. मामा?"

मामा म्हणाले, "पुसली. मशीन भरायचं. एक वही वर चढली की 'चांगली' नावाचा फोल्डर रिकामा करायचा, असं बाईंनी लिहून दिलेलं. प्रत्येक वेळी केला. तारीख घालून सही केली आहे."

"दोनशे बारा वेळा?"

"दोनशे बारा."

मग कक्षातला माणूस म्हणाला, "'चांगली' होता, म्हणजे 'खराब'ही असणार."

"आहे. तिरकी, पुसट, बोट आलेली. तो फोल्डर रिकामा करायला कोणी सांगितलं नव्हतं."

"मग?"

"मग नाही केला."

मशीन उघडलं. 'खराब'मध्ये दोन हजार तीनशे सहा पानं होती. साहेबांनी मामांचा खांदा धरला. "मामा, तुम्ही वाचवलंत हो. हीच चढवू."

मामांना कानशिलात बसल्यासारखं झालं. अडीच वर्षांचं नीट काम धुऊन गेलं होतं. उरल्या त्या तेवढ्या चुका, आणि त्याही आता सगळ्या जगाला दिसणार होत्या.

घरी बायकोने चेहरा बघूनच विचारलं. मामांनी चार वाक्यांत सांगितलं.

"सरळ पान एकही नाही?"

"नाही."

"मग नको म्हणा त्यांना. तीस वर्षांत तुम्ही वाकडी टीप घातली नाहीत, आता काय वाकडं मांडून बसताय?"

"नको म्हटलं तर बेचाळीस वर्षांतलं काहीच उरत नाही."

ताट वाढताना ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तुमच्याच गळ्यात आलं."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. दोन महिन्यांत दहा वर्षांनी थकल्यासारख्या दिसत होत्या.

"मामा, माझं चुकलं. खातं माझं होतं."

"कापल्या मी. ट्रकात मी चढवल्या."

"सांगितलं मी."

"ते आहेच," मामा म्हणाले. दोघांपैकी कोणीच दुसऱ्याची समजूत घातली नाही.

प्रत्येक पानाखाली वही कुठली, खड्डा कुठला, ते लिहायचं ठरलं. बाई वाचणार, मामा टाइप करणार. मामांनी एकच अट घातली : पान तिरकं असेल तर तिरकं आहे असंही लिहायचं. बाई हो म्हणाल्या.

पहिलं पान उघडलं. कोपऱ्यात मामांचा अंगठा, नखासकट, मोठा. बाई वाचू लागल्या. "नदीकाठचा खड्डा. वरचा थर काळा, वीतभर. दुसरा तांबूस. तिसरा..." त्या थांबल्या. "मुळं किती खोल गेली तो आकडा अंगठ्याखाली आहे. मामा, हे पान तुम्ही दोनदा लावलंत. दुसऱ्यांदा आकडा दिसला असेल. आठवतोय?"

मामा पडद्याकडे बघत राहिले. एकोणीस हजार पानं त्यांच्या हातांखालून गेली होती. त्यांनी डोकं खाजवलं, डोळे मिटून बघितलं. मग त्यांना जे कळलं त्याने ते कालच्यापेक्षा जास्त हादरले.

"बाई, मी एकही वाचलं नाही," ते म्हणाले. "मी कडा बघत होतो."

बाई म्हणाल्या, "लिहा. आकडा दिसत नाही."

मामांनी लिहिलं.