‘नये’मधला ‘न’

शकुंतलाताई काळोखे कागद मोठ्यानं वाचायच्या. प्रिंटरमधून निघालेला प्रत्येक कागद, मग तो रजेचा अर्ज असो की कँटीनची सूचना, त्या टेबलावर ठेवायच्या, पहिल्या शब्दाखाली बोट टेकवायच्या आणि पोथी वाचावी तशा शेवटपर्यंत वाचायच्या. आमच्या चाकणच्या कंपनीत त्याला ‘ताईंचं पारायण’ म्हणत, आणि म्हणणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे. क्वालिटीत इन्स्पेक्टर ना मी, स्वतःच्या डोळ्यांवर भारी भरवसा! एकदा सांगितलंसुद्धा, ताई, मनात वाचा की, आम्हाला कामं आहेत. तर म्हणतात कशा, “मनात वाचलं की मनातलंच वाचलं जातं, सुभाष. कागदावरलं ऱ्हाऊन जातं.”

ताई मूळच्या देहूच्या. टायपिंगची परीक्षा पास होऊन लागल्या तेव्हा कंपनी भोसरीत पत्र्याच्या दोन शेडमध्ये होती. आमच्याकडे डायमध्ये, म्हणजे लोखंडी साच्यात, पत्रा दाबून भाग ठोकणाऱ्या प्रेस मशीन आहेत आणि प्रत्येक मशीनवर कामाच्या सूचनांचा कागद प्लास्टिकमध्ये घालून टांगलेला असतो. पूर्वी तो इंग्रजीत असायचा. ताईंनी एकदा प्रेसशॉपमध्ये जाऊन विचारलं की हे कोण वाचतं, तर सगळे हसले. मग मराठी कागद करायचं ठरलं आणि ऑफिसातल्या एका विद्वानानं लिहून दिलं, ‘यंत्र कार्यान्वित असताना हस्तक्षेप टाळावा.’ एका ऑपरेटरला वाटलं, हस्तक्षेप म्हणजे युनियनच्या पुढाऱ्यानं करायची गोष्ट. ताईंनी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, ‘मशीन चालू असताना डायमध्ये हात घालू नये.’ असे एकेक करत त्यांनी तीनशेवर कागद केले, आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर, जुन्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या मराठी फाँटमध्ये.

मागल्या उन्हाळ्यात वीज जाऊन आली आणि तो कॉम्प्युटर जळाला. फायली पेनड्राइव्हवर होत्या म्हणून वाचल्या. नवा कॉम्प्युटर आला, त्याच्यावर नवी विंडोज आणि नवं ऑफिस. त्यात ताईंच्या फायली उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि नुसती टिंबं! हिंजवडीहून इंजिनिअरसाहेब आले, दोन तास ट्रॅफिकमध्ये काढून आल्यानं आधीच वैतागलेले. जुनं सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर चालणारच नाही, म्हणाले, आणि एका कन्व्हर्टरनं सगळे कागद नव्या फाँटमध्ये बदलून दिले. आमचे प्लांटहेड खूश झाले. सोमवारी प्रेसशॉपमध्ये नवी मुलं कामावर येणार होती. त्याआधी कागद तपासून, सही करून टांगायचे होते. तपासायचं काम माझ्याकडे आलं.

मी एका दुपारीत गठ्ठा संपवला. गळालेल्या अक्षरांच्या सात चुका काढल्या, पेनानं दुरुस्त केल्या आणि प्रत्येक कागदावर ‘तपासले’ लिहून सही ठोकली. ताईंनी गठ्ठा घेतला आणि पारायण सुरू केलं. मला रागच आला. मी तपासलेलं पुन्हा तपासतात म्हणजे काय? थोड्या वेळानं त्या थांबल्या आणि मला हाक मारली. चार नंबरच्या प्रेसचा कागद पुढे सरकवून म्हणाल्या, वाच. मी वाचलं, मशीन चालू असताना डायमध्ये हात घालू नये. बोट ठेवून वाच, म्हणाल्या. मी बोट ठेवून तेच वाचलं. मग त्यांनी वरची ओळ तळहातानं झाकली आणि खाली उरलेला एकच शब्द वाचायला सांगितला.

“ये,” मी म्हणालो.

ओळ तिथे तुटली होती. ‘नये’ पुढच्या ओळीत गेला आणि जाताना कन्व्हर्टरनं त्याचा ‘न’ गिळला. कागदावर छापलं होतं, डायमध्ये हात घालू ये. आणि त्याच्याखाली माझी सही, चांगली वळणदार. तरी निर्लज्जासारखा म्हणालोच, ताई, एवढं कोणालाही कळेल.

“तुला कळंल, तुला आधीच ठावं हाय म्हून. सोमवारी येणाऱ्याला ठावं न्हाई. त्याला ह्यो कागदच सांगणार हाय.”

एक चूक सापडली तर आणखी किती असतील? ताईंनी सगळे कागद परत घेतले. प्लांटहेडना एवढंच सांगितलं की छपाईत अक्षरं गळलीत. माझं नाव घेतलं नाही. सोमवारपर्यंत कागद झाले नाहीत तर इंग्रजी कागद टांगा, असं वरून उत्तर आलं. ताईंनी कपाटातून रुमालात बांधलेली जुन्या सॉफ्टवेअरची सीडी काढली आणि म्हणाल्या, “चालत न्हाई म्हंत्यात. पर त्याला कुणी इचारलं का?”

शनिवारी सकाळी आम्ही बसलो. नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायला जागाच नव्हती. अकाउंट्समधून वायरनं जोडायचा ड्राइव्ह मागून आणला. सीडी फिरली आणि पडद्यावर नकार आला. ताईंनी तो नकारही मोठ्यानं वाचला, शब्द अडले तिथे मला अर्थ विचारला. मग राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधला कम्पॅटिबिलिटीचा कप्पा शोधला आणि त्यात जुन्या विंडोजचं नाव निवडलं. ‘म्हातारीला सांगायचं, बाई, तू अजून जुन्याच घरात हाईस,’ हे त्यांचं स्पष्टीकरण. आणि म्हातारीनं ऐकलं की! सॉफ्टवेअर बसलं. पेनड्राइव्हवरचा फाँट घातला आणि त्यांचं मराठी जसंच्या तसं उघडलं. मी टाळी वाजवली. प्रिंट दिली, तर सगळं फटकन बंद.

तीनदा तेच झालं. मी टेबलावर हात आपटला. “मशीनला राग येत न्हाई,” ताई म्हणाल्या, “म्हून ती आपल्याला हारवती.” त्या मात्र बघत बसल्या होत्या, नेमकं कधी बंद पडतं ते. प्रिंटर निवडायची वेळ आली की पडतं, हे त्यांनीच ओळखलं. नव्या विंडोजनं आपणहून भलताच, जोडलेलाही नसलेला प्रिंटर पहिला धरला होता. ताईंनी आमचा जुना प्रिंटर पहिला केला आणि पुन्हा प्रिंट दिली. कागद बाहेर आला. त्यांनी बोट ठेवलं, वाचत गेल्या आणि ‘नये’वर थांबल्या. ‘न’ जागेवर होता.

व्हायरसच्या भीतीनं या जुन्या सॉफ्टवेअरला इंटरनेट द्यायचं नाही, असंही त्यांनी तिथेच ठरवलं. म्हातारं माणूस हायवेवर सोडत न्हाईत, म्हणाल्या. शनिवार-रविवार मिळून आम्ही सगळे कागद छापले आणि दोघांनी मोठ्यानं वाचले. माझा घसा बसला. त्यांचा नाही.

सोमवारी चार नंबरच्या प्रेससमोर आमच्या परभणीकडचा एक नवा गडी उभा होता. तो ओठ हलवत कागद वाचत होता. मी मागे उभा राहून ऐकत होतो, ‘नये’ म्हणेपर्यंत तिथून हललो नाही. पुढे इंजिनिअरसाहेब आले तेव्हा त्यांनी विचारलं की हे कोणी चालवलं. मी अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं सांगितलं, आमच्या ताईंनी. साहेबही मनाचे मोठे. वही काढून ताईंना एकेक पायरी विचारत बसले.

यंदा ताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला एक कागद दिला. नव्या कॉम्प्युटरवर ते जुनं सॉफ्टवेअर कसं बसवायचं, सगळं मराठीत, ओळीनं लिहिलेलं. सगळ्यांसमोर वाच, म्हणाल्या. मी पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचत गेलो. कोणी हसलं नाही. शेवटच्या ओळीवर माझं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, ‘मोठ्यानं वाचल्याशिवाय सही करू नये.’

ताई पुढे झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, “‘न’ हाय का?”

“हाय, ताई.”