डाव्या पायातला ब्रेक

तायडे सर किकवर पाय ठेवून डोळे मिटायचे. किक हळूहळू दाबत कुठे जड लागते ते चाचपायचे आणि मग एकच दणका. काळी बुलेट त्यांच्या लग्नाआधीची. तिचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या, म्हणजे आजच्या गाड्यांच्या बरोब्बर उलट.

भातकुलीच्या शाळेत सर गणित शिकवत, मी मराठी. अमरावतीहून नऊ वर्षं मी त्यांच्या मागे बसून गेलो. एकदा हौसेने किक मारायला गेलो तर ती उलटी नडगीवर बसली आणि चार दिवस लंगडलो. सर पोट धरून हसले. "काहून घाई करून राहिला बाप्पा? डोक्याले नको इचारू. पायाले इचार, त्याले सारं समजते."

रस्त्यात अनोळखी माणसं थांबवून "विकता का जी?" विचारत. सर म्हणत, "आधी मांगं बस, एक चक्कर मारून आनतो. मंग इचार." चक्कर मारून उतरलेल्या माणसाने किंमत विचारल्याचं मला आठवत नाही.

निवृत्तीनंतर सरांचा गुडघा गेला. तेव्हा कुणी न विचारता शहाणपणा केला तो मी. बटणावर सुरू होणारी घ्या म्हणून दोन महिने त्यांच्या मागे लागलो. अकोल्याला शोरूममध्ये हुबेहूब जुन्या वळणाची दिसली. तोच काळा रंग, टाकीवर तीच सोनेरी रेघ. "बघा सर, तीच आहे!" सरांनी टाकीवरून हात फिरवला. "दिसते तं तशीच. तू म्हन्तं तं घेतो." ब्रेक उजव्या पायात आहे, हे विक्रेत्याने दोनदा सांगितलं. जुनी गाडी माझ्या टिनाच्या शेडखाली आली. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

महिनाभर सरांनी नवी गाडी नीट चालवली. मग भातकुली रस्त्यावर पुढचा ट्रॅक्टर अचानक थांबला आणि सर गेले. तिथल्या चहावाल्याने मला आणि त्यांच्या मुलीला, सुजाताला, डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. "सर डावा पाय दाबून राहिले होते जी, जीव तोडून. गाडी थांबेच ना."

सुजाताला त्यातलं काही कळलं नाही. मला मात्र कळलं. ऐन वेळी सरांनी पायालाच विचारलं होतं. त्या दिवसापासून मला धड जेवण जात नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सरांना श्रद्धांजली वाहायला सगळे जमले तेव्हा, सुजाता उलट माझीच समजूत घालत होती. "काका, तुमी नोका रडू. बाबाले नवी गाडी लई आवडली होती."

परवा ती जुनी गाडी न्यायला आली. मी चावी दिली आणि गाडी शेडबाहेर काढून दिली. ती गाडीवर बसली, खाली वाकून पाहिलं.

"काका, हिचा ब्रेक कोनत्या पायात हाये?"

"डाव्या," मी म्हणालो.

सुजाताने डावा पाय ब्रेकवर ठेवला. एकदा दाबला, पुन्हा दाबला. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.