पहिल्या शीलापाशी

आमच्या घरात चमत्कार मानत नाहीत. विहारात आम्ही काही मागायला जात नाही. त्यामुळे त्या दुपारी जे घडलं त्याला काय म्हणावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. घडलं तेवढं सांगतो.

मी विद्यापीठात मानसशास्त्रात पीएच.डी. करत होतो. विषय होता पदव्युत्तर विद्यार्थ्यांची भावनिक बुद्धिमत्ता, अडचणी सोडवण्याची क्षमता आणि ताण. ताण कसा हाताळावा, यावर वसतिगृहातल्या मुलांपुढे बोलायला मला बोलवत. माझी स्वतःची झोप गेली होती, जेवण सुटत चाललं होतं. ही कशाची लक्षणं आहेत ते मला ठाऊक होतं. ठाऊक असल्याचा उपयोग होत नव्हता. त्या दिवशी संशोधन समितीनं माझं काम दुसऱ्यांदा नाकारलं आणि नोंदणी रद्द करायला सांगितलं. करमाडला घरी यातलं काहीच माहीत नव्हतं. वडील शेंद्र्याच्या कारखान्यात कामाला होते, तिथं त्यांनी मला केव्हाच डॉक्टर करून टाकलं होतं. मी खोलीची किल्ली शेजारच्या मुलाला दिली आणि विद्यापीठामागच्या लेण्यांच्या डोंगराकडे चालू लागलो. परत यायचं नाही, एवढं ठरलं होतं.

अंगावर पौर्णिमेला घालायचे पांढरे शर्ट-पँट होते. समितीपुढे जाण्याजोगा तेवढाच जोड माझ्याकडे होता. डोंगराखालच्या वस्तीत एका घरापुढे मांडव होता, लोक ताटकळत बसले होते. एक म्हातारे बाबा उठून माझ्याकडे आले.

"या गुरुजी. लई वाट पाहायला लावली."

वंदना घ्यायला येणाऱ्या बौद्धाचार्यांची गाडी फुलंब्रीजवळ बंद पडली होती. पांढऱ्या कपड्यांमुळे बाबांना मीच बौद्धाचार्य वाटलो. मी ते नाही, असं सांगितलं.

"नाय व्हय?" बाबांनी मला खालीवर पाहिलं. "वंदना तर येती ना?"

"येते."

"मग बसा. पोरगं गेलंय घरातलं. त्या माउलीला किती वेळ बसवायचं असं?"

नाही म्हणायची ताकदही माझ्यात उरली नव्हती. बुद्धमूर्तीशेजारी एका तरुणाचा फोटो होता. तो एम.एस्सी. करत होता आणि त्यानं स्वतःच आयुष्य संपवलं, हे बाबांनी खालच्या आवाजात सांगितलं. मी मेणबत्ती लावली. आमच्यात एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती मागून म्हणायची, अशी रीत आहे. त्रिशरण झालं. पंचशीलाची सुरुवात आली. पहिलं शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचं. लहानपणापासून म्हणत आलेली ती ओळ माझ्या तोंडून निघेना. मग त्या मुलाच्या आईनंच ती म्हटली, सावकाश, शेवटपर्यंत. लोकांनी तिच्या मागून म्हटली. त्यांच्यात मीही होतो.

वंदनेनंतर ती माझ्याजवळ येऊन बसली. "दादा, तुम्ही शिकलेले दिसता. त्यानं मला का नाय सांगितलं? मी काय मारणार होते त्याला?"

याच प्रश्नावर मी चार वर्षं काम करत होतो. "मावशी," मी म्हणालो, "मी पण घरी सांगितलेलं नाही."

मी काय सांगितलं नाही, हे तिनं विचारलं नाही. "फोन हाय का? लाव. माझ्यासमोर लाव."

मी वडिलांना सगळं सांगितलं, डोंगराकडे का निघालो होतो तेही. पलीकडे यंत्रांचा आवाज होता. मग तो दूर गेला. ते बाहेर आले असावेत.

"कुठंय तू?"

मी वस्तीचं नाव सांगितलं.

"हलू नको तिथून. मी निघायलो."

ते येईपर्यंत तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. मुलाच्या दुःखाला आलेले लोक तिला भेटून जात होते. ती एका हातानं त्यांना जयभीम घालत होती.

नोंदणी रद्द झाली. गावात ते सांगावं लागलं. वर्षभर औषधं घेतली, अजून डॉक्टरांकडे जातो. बुद्धाला शरण जाणं मी आयुष्यभर तोंडानं म्हटलं होतं. आपल्या हाताबाहेर गेलेलं दुसऱ्याच्या हाती देणं, हा त्याचा अर्थ मला त्या मांडवात कळला. त्या दुपारबद्दल मी कृतज्ञ आहे. पण त्या कृतज्ञतेत समाधान नाही. माझ्या वडिलांना जे ऐकायला मिळालं, ते त्या मावशीला मिळालं नाही.