दुसऱ्या दर्जाचे वादळ

इस्त्रीवाल्या काकूंची आणि माझी ओळख प्रौढांच्या वर्गात झाली. एकाच बाकावर बसून आम्ही जोडाक्षरे गिरवीत असू. त्यांच्या रागाची ही हकीकत मी त्यांच्या संमतीने लिहीत आहे.

टोर्नेडो आला तेव्हा काकू दुकानात होत्या व यजमान घरी झोपले होते. त्या फिरत्या वाऱ्याने लाकडी घर जोत्यावरून उचलले आणि पलीकडच्या मैदानात आपटले. यजमान वाचले, परंतु कमरेखाली लुळे झाले. ते घर काकूंच्या धाकट्या दिरांनी बांधले होते. बांधकाम हाच त्यांचा धंदा. रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "अहो, राक्षसी वादळ होतं! किल्लासुद्धा टिकला नसता." काकूंना या वाक्याचा मोठा आधार वाटे. राक्षसापुढे कोणाचे काय चालणार?

मग वादळाचा दर्जा ठरवणारे अधिकारी आले. त्यांनी रिकामे जोते पाहिले आणि दर्जा सांगितला : दोन.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाचांपैकी दोन? घराची एक फळी जागेवर नाही, माझा माणूस अंथरुणाला खिळला, आणि तुमच्या लेखी ही झुळूक? वादळाला दुसरीतच नापास केलंत की!"

"काकू, वाऱ्याचा वेग इथं कोणी मोजलेला नाही. पडझडीवरून तो ताडावा लागतो. कच्चं घर कमी वाऱ्यातही जातं, म्हणून बांधणी आधी बघतो."

"कच्चं? माझ्या दिरांनी बांधलंय ते!"

अधिकारी उकिडवे बसले. "इथं काँक्रीटमधून वर आलेले बोल्ट हवे होते. भिंतीखालची तुळई त्यांना आवळतात. इथं नुसते खिळे आहेत. शेजारच्यांचं बघा, छप्पर गेलं पण भिंती उभ्या आहेत. तुमचं घर बोल्टांनी आवळलेलं असून उडालं असतं, तर मीच चार लिहिलं असतं."

दीर तिथेच नव्या जोत्यासाठी दोरी लावीत होते. काकू तरातरा त्यांच्यापुढे गेल्या.

"भावोजी, बोल्ट कुठे आहेत?"

"वहिनी, त्या साहेबांचं काय ऐकता…"

"विचारलं ते सांगा."

"ओतताना राहून गेले. ध्यानात आलं तोवर काँक्रीट वाळलं होतं. पुन्हा कुठे फोडायचं? म्हटलं, खिळ्यांवर भागेल."

"स्वतःच्या घरात भागवलंत का?"

दीर दोरीकडे पाहत पुटपुटले, "माझ्या घराला आहेत."

"वा! आणि मी मेली इतके दिवस वाऱ्याला शिव्या घालतेय!"

संध्याकाळी यजमान रुग्णालयातल्या खाटेवरून म्हणाले, "अगं, भाऊ आहे माझा. सांभाळून घे."

"सांभाळायचं काम घराचं होतं," काकू कडाडल्या. "त्याने सांभाळलं नाही, आता मी सांभाळू?"

परंतु अर्धे गाव पडलेले असल्याने दुसरा बांधणारा मिळेना, आणि यजमानांना घरी आणणे भाग होते. काम दिरांकडेच राहिले. काकूंनी त्यांना क्षमा केली नाही, बोलणेही टाकले. एकदाच त्या खोदकामाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "काँक्रीट ओताल त्या दिवशी मला बोलवा. ते ओलं असताना बोल्ट बसलेले मला बघायचे आहेत."